काळा समुद्र, पांढरा समुद्र

रत्नागिरीत उभं राहून ब्लॅक अँड व्हाइट फोटोंवर बोलायला मला जरा संकोच वाटतोय, कारण हे काम तुमच्या गावाने आधीच करून ठेवलंय. रत्नदुर्गाच्या एका अंगाला पांढरा समुद्र, दुसऱ्या अंगाला काळा. पाणी एकच, नावं पडली ती वाळूवरून. काळ्या समुद्राच्या, म्हणजे मांडवीच्या, वाळूत इल्मेनाइटचे काळे कण आहेत, लोखंड आणि टायटॅनियमचं ते खनिज. साध्या वाळूपेक्षा बरंच जड. लाट मागे फिरते तेव्हा हलकी वाळू वाहून जाते, हे कण जागेवर राहतात आणि पुळणीवर काळे फराटे उमटतात. ते मात्र उद्या सकाळी ओहोटीला प्रत्यक्ष पाहू.

आज एकच फोटो. पडद्यावर आहे तो. नोव्हेंबरातली सकाळ, साडेआठचा सुमार, ऊन माझ्या पाठीमागून. पुढे ओली वाळू, उजवीकडे जांभ्याचं खडप, मधे वर ओढून ठेवलेली होडी, तिच्या काठीवर लाल फडकं. मागे पाणी, वर निरभ्र आकाश. रंगीत फोटो म्हणून बरा आहे. कॅलेंडरवर खपेल.

आता मी सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा गडदपणा, शून्यावर आणतो. झालं? पाहा, फडकं कुठे गेलं? शोधा म्हणजे सापडेल. खडप आणि त्यामागचं पाणी एकमेकांना चिकटलंय. भर उन्हातला फोटो मळभ आल्यासारखा दिसतोय. यात सॉफ्टवेअरचा काही दोष नाही, त्याने हिशोब चोख केलाय. तो हिशोब एकदा हाताने करून बघू.

प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा किती, ते 0 ते 255 या आकड्यांत मोजतात; 0 म्हणजे अंधार, 255 म्हणजे पूर्ण उजेड. फडक्यावरचा एक ठिपका घेतला: लाल 200, हिरवा 60, निळा 40. त्याच्या शेजारचा पाण्याचा ठिपका: लाल 70, हिरवा 115, निळा 125. रंगीत टीव्हीच्या काळापासून चालत आलेलं एक सूत्र आहे: लालाचे 0.299, हिरव्याचे 0.587, निळ्याचे 0.114 असे भाग घ्यायचे आणि बेरीज करायची. फडकं येतं 100, पाणी येतं 103. दोन्हीकडे जवळपास तोच करडा. म्हणजे आपण ज्या फडक्यापायी तिथे अर्धा तास थांबलो, ते पाण्यात बुडालं.

किनाऱ्यावर हे हटकून होतं. डोंगरात दरीची सावली असते, जंगलात बुंध्यांचा अंधार असतो. सकाळच्या उघड्या पुळणीवर सावली म्हणून काही नसतंच. सगळ्यावर सारखा उजेड पडलेला. तिथे वस्तू वेगवेगळ्या दिसतात त्या रंगामुळे. तोच काढून घेतलात, तर त्याचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागतं. कोणत्या रंगाचा कोणता करडा करायचा, हे तुम्ही ठरवायचं. नाही ठरवलंत, तर ते सूत्र ठरवतं.

म्हणून मी आधी तिन्ही चॅनेल, म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्या आकड्यांची वेगवेगळी करडी चित्रं, सुटी पाहतो. हा निळा. आकाश पांढरंफटक, क्षितिज धुरकट, जांभा कोळशासारखा. जुना फोटो वाटतो ना? वाटणारच. एकोणिसाव्या शतकात फोटो काचेवर घ्यायचे, तिच्यावर कलोडियन नावाच्या चिकट द्रवाचा थर असायचा, आणि त्या काचांना मुख्यतः निळाच उजेड कळायचा. समुद्र नीट उतरवावा तर आकाश जळून पांढरं व्हायचं. फ्रान्समध्ये ग्युस्ताव्ह ल ग्रे याने 1857 च्या सुमारास भूमध्य समुद्रावर, सेत गावी लाटांचे फोटो काढले, तेव्हा त्याने आकाशाची काच वेगळी घेतली, समुद्राची वेगळी, आणि छापताना दोन्ही क्षितिजावर जोडल्या. आकाश बदलणाऱ्या अ‍ॅपवर आपण नाकं मुरडतो, म्हणून सांगितलं.

हा हिरवा. आपल्या डोळ्याला सवयीचा, शहाणा, थोडा कंटाळवाणा.

आणि हा लाल. पाहा गंमत! जांभा चुना फासल्यासारखा उजळला, फडकं पेटलं, आकाश गडद झालं. फडकं 200, पाणी 70. क्षितिजावरची धूसरसुद्धा बरीच उतरली, कारण ती हवेत विखुरलेल्या निळ्या उजेडाची असते.

इथे बहुतेक जण थांबतात, मीही थांबलो होतो. पहिल्यांदा हा फोटो केला तेव्हा निळा स्लायडर, म्हणजे निळ्या रंगाचा करडा किती गडद ते ठरवणारी सॉफ्टवेअरमधली सरकपट्टी, पार तळाला नेला. स्क्रीनवर काय दिमाख! मोठा प्रिंट काढून आणला, तर आकाशात जिन्यासारखे पट्टे, खडपाच्या कडेला पांढरी झालर आणि वर बाजरीच्या पिठासारखं दाणेदार काहीतरी. लॅबवाल्याशी हुज्जत घातली. चूक माझी होती. फाइल जेपेग होती, म्हणजे कॅमेऱ्याने आवळून लहान केलेली, तिच्यात एका चॅनेलला फक्त 256 पायऱ्या. सेन्सरची मूळ माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये त्याच 16,384 असतात. शिवाय नेहमीच्या सेन्सरवर निम्मे ठिपके हिरव्याचे आणि पावच निळ्याचे. आधीच तुटपुंजी माहिती, ती मी ओढून ताणली. फाटली.

अमेरिकन फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सची 1927 सालची गोष्ट तुमच्यातल्या काहींना ठाऊक असेल. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत हाफ डोम या डोंगराचा कडा समोर, आणि फोटोच्या काचा, म्हणजे प्लेटी, उरल्या दोन. पहिली त्याने पिवळा फिल्टर लावून काढली. मग मनात आलं, आकाश आपल्याला दिसतंय तसं उतरणार नाही. शेवटची गडद लाल फिल्टर लावून घेतली, आणि त्यात आकाश जवळजवळ काळं आलं. निर्णय त्याने शटर दाबण्याआधी घेतला. आपल्याला तो घरी येऊन, चहा पीत घेता येतो. सोय आहे खरी, पण सोयीमुळे आपण पुळणीवर बघणंच सोडतो.

काय बघायचं, तर ही ओली वाळू. फोटोचा खालचा भाग पाहा. कोरडी वाळू पिवळट आहे, ती लालात उजळते. लाट नुकतीच फिरलीय तिथली वाळू मात्र आरसा असते. तिच्यात आकाश पडलेलं असतं, म्हणजे तीही निळी. तुम्ही आकाश गडद केलंत की पायाखालची ही पट्टीही गडद होते, मागितली नसताना. कधी ती फोटोला तोलून धरते. या फोटोत होडीच्या खालीच काळं डबकं झालं. शेवटी मी निळा स्लायडर तळापासून वर आणला, साधारण तिसऱ्या हिश्श्यावर ठेवला. किनाऱ्याजवळचं पाणी हिरवट असतं, म्हणून हिरवट-निळ्याचा स्लायडर किंचित उजळ केला. त्याने क्षितिजाची रेघ सुटी झाली. केशरी थोडा वर. बाकी काम हाताने, डार्करूममध्ये करायचो तसं: होडीची कूस उजळली, फोटोचे कोपरे दाबले. फेसाला हात लावला नाही. फेस 255 ला टेकला की तो फेस राहत नाही, कागदाला पडलेलं भोक होतो.

मागून प्रश्न आलाय, सूर्यास्ताचं काय? कोकणात सगळे संध्याकाळीच कॅमेरा काढतात, म्हणून रास्त प्रश्न आहे. लाल चॅनेलने सूर्यास्त धुऊन निघतो. केशरी आकाश पांढरं होतं आणि सूर्य त्यात विरघळतो. तिथे उलट जा, निळ्याकडे झुका. पण खरं सांगू? समोरून उजेड असला की होडी, माणसं, सुरूची झाडं आधीच काळी आकृती होऊन उभी असतात. तिथे स्लायडर फिरवून फारसं हाती लागत नाही. या कामाची खरी वेळ आपल्याकडे सकाळ. समुद्र पश्चिमेला, ऊन पाठीला, आणि पुळणीवर आपण, कुर्ल्या आणि जाळी सोडवणारी माणसं.

तेव्हा उद्या साडेसातला मांडवीच्या जेटीपाशी. कॅमेऱ्याची स्क्रीन मोनोक्रोमवर ठेवा, फाइल मात्र रॉ, म्हणजे रंग आत शाबूत राहतील. आता दिवे लावा कुणीतरी. दुसऱ्यांदा काढलेला प्रिंट दाराजवळच्या टेबलावर आहे, हातात घेऊन बघा. फक्त कडांना धरा, मधे बोटं लावू नका.