दोन भावंडांचं रक्त

(दृश्य: घरातली बैठकीची खोली)

दंडाला रबरी पट्टा बांधला जातोय आणि आई मुलाचं लक्ष दुसरीकडे वळवतेय. रक्त काढणारी बाई घरी आली आहे, कारण दवाखान्यातल्या गोंगाटात हा मुलगा बसला नसता. मग धाकट्याची पाळी. थोरल्यासारखाच त्यालाही ऑटिझम आहे, म्हणजे मेंदूची घडण जन्मापासून वेगळी, बोलणं-मिसळणं वेगळं. आईबाबांचंही रक्त घेतात. ऑटिझममागची जनुकं शोधायला अशीच घरं हवी असतात.

ब्रिटनमध्ये १९७७ साली सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. दिसायला हुबेहूब, जनुकंही सारखीच, अशा ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता. बाकीच्या १० जोड्यांत एकाही ठिकाणी नाही. म्हणजे जनुकांचा हात होता. तोवर खापर आईच्या माथी फुटत होतं, तिची माया म्हणे आटलेली!

जनुकं शोधायची तर शेकडो घरं लागतात. संशोधकांकडे नमुने मोजके, तेही ज्याचे त्याच्या कुलपात. शेवटी आईबापच पुढे झाले. लॉस एंजेलिसच्या पोर्शिया आयव्हर्सन आणि जॉन शेस्टॅक यांच्या 'क्युअर ऑटिझम नाऊ' संस्थेने १९९७ मध्ये नमुन्यांची पेढी उघडली: 'ऑटिझम जेनेटिक रिसोर्स एक्स्चेंज'. नमुने कुणा एकाचे नाहीत, पात्र संशोधकाने मागावेत, मिळतील.

(दृश्य: प्रयोगशाळा, नळ्या, वाफाळणारी टाकी)

या नळ्या अमेरिकेत न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठात जायच्या. पांढऱ्या पेशी वेगळ्या करून त्यांना एपस्टीन-बार विषाणूची लागण करतात. मग त्या वाढतच राहतात. विरजण राखावं तसं थोडं बाजूला काढून उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवायचं. पुन्हा डीएनए लागला तर हे वाढवायचं, मुलाला परत सुई नाही.

(दृश्य: संगणकावर गुणसूत्रांचे पट्टे)

दोन भावंडांत समान काय, हे शोधता शोधता भलतंच हाती लागलं. पेढीतल्या ७५१ कुटुंबांच्या तपासणीत सोळाव्या गुणसूत्राचा, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या एका गुंडाळीचा, एकच तुकडा पाच वेळा गायब निघाला. २००८ साली हे प्रसिद्ध झालं. आणि तो तुकडा आईबापांत शाबूत होता! म्हणजे वारशाने आलेला नव्हे, मुलातच नव्याने घडलेला बदल.

गुणसूत्रांच्या तपासणीत आता हा तुकडा पाहतात. औषध त्यातून निघालेलं नाही. ऑटिझम 'बरा' करायचा आजारच नाही, असं अनेक ऑटिस्टिक प्रौढ ठणकावून सांगतात. त्यावर वेगळी फिल्म व्हायला हवी.