कुंडीला पाणी किती दिवसांनी?

[दृश्य: एप्रिलची सकाळ, नागपुरातली एक गच्ची, मोगरा, मिरची, तुळस, कढीपत्ता, कोपऱ्यात संत्र्याचं कलम]

मार्च संपत आला की नागपुरात कूलर खाली निघतात, नवीन खस लागते, आणि त्याच दिवसांत नर्सरीवाल्याला सगळे एकच विचारतात, भाऊ, याला पाणी किती दिवसांनी टाकायचं? आणि तो पण घाईत असतो, पाच जण उभे असतात समोर, तो म्हणतो, रोज टाका, उन्हाळा आहे ना. झालं, माणूस घरी येतो आणि रोज सकाळी सगळ्या कुंड्यांना एकेक मग्गा, मग तुळस असो का अडेनियम असो का कोरफड असो. मला हे बघवत नाही खरंच, कारण पंधरा दिवसांत त्यातलं एखादं झाड मान टाकतं आणि घरचे म्हणतात ऊन लागलं.

बऱ्याचदा ऊन नसतं लागलेलं. मुळं गुदमरलेली असतात.

[दृश्य: कुंडीतून काढलेला मुळांचा गड्डा, खालची मुळं तपकिरी, मऊ]

मुळांना पाणी लागतं तशीच हवा पण लागते, ती पण श्वास घेतात. मातीच्या कणांमध्ये बारीक बारीक जागा असतात, पाणी टाकलं की त्या भरतात, मग जादा पाणी खालच्या भोकातून निघून जातं आणि त्याच्या मागोमाग वरून ताजी हवा आत ओढली जाते. पुढचे एकदोन दिवस माती सुकत जाते तशी अजून हवा आत येते. आता रोज मग्गा पडला तर ही हवा यायची कधी? मुळं कुजतात, कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून ओल्या मातीत उभं असलेलं झाड सुकल्यासारखं दिसतं. आणि ते सुकलेलं दिसलं की आपण अजून पाणी टाकतो. म्हणून पान लोंबलं की आधी मातीला हात लावायचा, पाण्याचा मग्गा नंतर उचलायचा.

यात आपली नागपूरची माती पण आहे बरं का. देशभरातल्या मातीचा सर्व्हे करणाऱ्या राष्ट्रीय ब्युरोचं मुख्यालय इथंच, अमरावती रोडवर आहे, आणि आजूबाजूला पसरलेली आहे ती काळी कापसाची जमीन. ओली झाली की फुगते, सुकली की भेगा पडतात, पाणी घट्ट धरून ठेवते. शेतात हा तिचा गुण आहे, पण तीच माती बागेतून खणून दहा इंची कुंडीत भरली की पावसाळ्यात चिखल आणि मे महिन्यात वीट. कुंडीत तिच्यात चांगलं कुजलेलं शेणखत आणि जाड रेती मिसळावीच लागते. आणि कुंडीच्या तळाला गिट्टीचा थर देतात ना पाणी निघावं म्हणून, त्याचा उपयोग होत नाही, बारीक मातीतलं पाणी जाड गिट्टीत सहज उतरत नाही, ते गिट्टीच्या वरच अडकून बसतं, म्हणजे ओला भाग उलट मुळांच्या जवळ येतो. भोकावर खापराचा एक तुकडा किंवा जाळी पुरे.

[दृश्य: मातीत घातलेलं बोट, मग दोन हातांनी उचललेली कुंडी]

मग टाकायचं कधी? बोट दोन पेरं आत घाला. ओलसर लागलं, माती बोटाला चिकटली, तर आज राहू द्या. कोरडं लागलं तर टाका. वरून माती पांढरी दिसते त्यावर जाऊ नका, नागपूरच्या उन्हात वरचा थर दोन तासांत सुकतो आणि खाली सगळं ओलं असतं. दुसरं, कुंडी उचलून बघा. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, त्यामुळे पाणी प्यालेली कुंडी आणि सुकलेली कुंडी यातला फरक हाताला लगेच कळतो, थोडे दिवस उचलत राहिलं की बोट घालायची पण गरज पडत नाही.

आणि टाकायचं तेव्हा पोटभर टाकायचं, हळूहळू, खालच्या भोकातून पाणी निघेपर्यंत. रोजचं घोटभर पाणी वरच्या दोन इंचातच राहतं, मुळं पण तिथंच वर येऊन बसतात, आणि मे मध्ये सगळ्यात आधी भाजतं ते हेच वरचं. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, जास्त असलेली कुंडी एकदा कडक सुकली तर ती पाणी घेतच नाही, माती कडेला सुटते आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली, आपल्याला वाटतं भरपूर पाजलं. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबमध्ये ठेवायची, खालून पिऊ द्यायची.

आता आपला मे. पारा ४५ च्या वर, वरून नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक दिवस, आणि स्लॅब संध्याकाळपर्यंत तापलेला. अशा वेळी मातीच्या छोट्या कुंडीतली मिरची दिवसातून दोनदा पाणी मागते आणि ते द्यावंच लागतं, कारण मातीची कुंडी भिंतीतून पण पाणी सोडते, प्लास्टिकची नाही सोडत. त्याच गच्चीवर सावलीतला मनी प्लांट आठवडा काढू शकतो. दुपारी दोनला पानं लोंबतात, मुळं जेवढं ओढतात त्यापेक्षा पानांतून जास्त उडत असतं म्हणून, संध्याकाळी ती आपोआप उभी राहिली तर झाड ठीक आहे. सकाळीही लोंबलेलीच असतील तर मग बघा. पाणी सकाळी लवकर टाका, आणि दिवसा टाकावं लागलं तर गच्चीवर पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी बादलीत जाऊ द्या, हात भाजेल एवढं तापलेलं असतं ते. कूलरच्या टाकीतलं जुनं पाणी झाडांना देणारे पण आहेत, नका देऊ, पाणी उडून जातं आणि क्षार टाकीत साठत जातात, कुंडीच्या काठावर मग पांढरी खपली धरते.

काटोल, नरखेडकडचे संत्र्यावाले हे सगळं पिढ्यांपासून जाणतात. बहार धरायचा, म्हणजे झाडाला एकदम फुलं आणायची, तर ते मुद्दाम पाणी तोडतात, ताण देतात, आणि काळ्या भारी जमिनीत तो ताण हलक्या जमिनीपेक्षा जास्त दिवस द्यावा लागतो. तारखेपेक्षा जमीन आणि झाड बघून ठरतं त्यांचं.

[दृश्य: बशा उलट्या केलेल्या, कुंड्या एकमेकांजवळ सरकवताना]

पाऊस लागला की कुंडीखालच्या बशा काढून टाका. थंडीत सवयीनं टाकू नका, डिसेंबरात तीच कुंडी कितीतरी दिवस ओली राहते. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाला जायचं असेल तर सगळ्या कुंड्या सावलीत एकमेकांना खेटून ठेवा, वर वाळलेल्या पानांचा थर द्या, निघताना एकदा पोटभर पाजा, आणि शेजारच्या काकूंना चावी देताना "रोज टाका" म्हणण्याऐवजी बोट कुठपर्यंत घालायचं ते एकदा त्यांच्यासमोर घालून दाखवा.