गॅस आला कुठून?

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी मला ‘पोटविकारतज्ज्ञ’ करून टाकलं. मी साधा फिजिशियन. पस्तीस वर्षं लोकांची पोटं बोटांनी वाजवून बघितली, एवढाच अनुभव. विषय छापलाय ‘वारंवार पोट फुगणे : कारणे आणि उपचार’. वेळ चाळीस मिनिटं, त्यातली बारा नारळ-गुलाबपुष्पात गेली. नंतर बटाटेवडे आहेत, ते जिन्यातच वासावरून कळलं.

माझं पहिलं भांडण ‘गॅस’ या शब्दाशी. पोट डब्ब झालं, गॅस. आंबट पाणी घशाशी आलं, गॅस. पाठीत उसण भरली, तरी गॅस. एका आजोबांचा तर डोक्यात चढायचा. अहो, आतड्यातून मेंदूकडे पाइपलाइन कुणी टाकलेली नाही! आणि सकाळी उपाशीपोटी घेता ती ‘गॅसची गोळी’? पँटोप्रॅझोल. ती जठरातलं आम्ल कमी करते. छातीत जळजळ असेल तर उत्तम, पण फुगलेल्या पोटाशी तिचं काही देणंघेणं नाही. कितीजण घेतात, हात वर करा. राहू द्या, जे घेत नाहीत त्यांनी करा, मोजायला सोपं पडेल.

आता मामांची गोष्ट. सख्खे मामा. जेवण झालं की पेल्यात फ्रूट सॉल्टची पुडी, फसफसतंय तोवर एका दमात घशाखाली, आणि मग असा ढेकर की शेजारच्या वाड्यात कळावं, यांचं जेवण आटोपलं. वर मला, “बघ, निघाला की नाही गॅस!” मी तेव्हा एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला, अंगात रग. म्हटलं, मामा, हा पोटातला नव्हे, पेल्यातला. खायच्या सोड्याला आम्ल भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. एका ग्रॅम सोड्यातून अदमासे पाव लिटर. तुम्ही आत घातलात तोच बाहेर आला. मामा म्हणाले, “मग मोकळं कसं वाटतं रे?” मला उत्तर सुचेना. आतून मामी म्हणाली, “खिसा मोकळा होतो ना, म्हणून.”

एवढ्यावर गप्प बसायचं वय नव्हतं. पुढच्या सुट्टीत मी मोजलं. दुपारी झोपाळ्यावर अर्ध्या तासात चौसष्ट ढेकर. डोळा लागला, शून्य. उठल्यावर भाडेकरूशी भांडण झालं, भांडणभर शून्य. पोटात वायू तयार होत असता तर तो भाडेकरूसाठी थांबला असता का? मामा नकळत हवा घशातून आत ओढत होते आणि जठरापर्यंत पोचायच्या आधीच परत सोडत होते. खोड होती ती. असे रुग्ण आजही येतात. मी त्यांना दातांत आडवी पेन्सिल धरायला देतो. तोंड उघडं राहिलं की हवा ओढणं अवघड होतं, आणि बऱ्याच जणांचे ढेकर माझ्या टेबलासमोरच थांबतात. मग पोटाने सावकाश श्वास घ्यायला शिकवायचं. मामांच्या हातात पेन्सिल दिली तर म्हणाले, “मी काय टांग्याचा घोडा आहे?”

खालून सरणारा वारा वेगळा. त्यावरचा शाळेतला श्लोक तुम्हाला पाठ आहे, पहिल्या रांगेत भगिनी आहेत म्हणून म्हणत नाही. दिवसातून दहा-वीस वेळा वारा सरणं हे निरोगी माणसाचं मोजमाप आहे. त्यातला जवळपास सगळा वायू बिनवासाचा. वास येतो तो लेशमात्र गंधकाच्या संयुगांमुळे. चरकसंहितेत जे तेरा वेग दाबू नयेत म्हणून सांगितलेत, त्यांत हा आहे आणि ढेकरही आहे. मामांना हे सांगितलं नाही.

वालाच्या उसळीत रॅफिनोज, स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात. त्या फोडायचं विकर माणसाला दिलेलंच नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू त्यांवर ताव मारतात. आजी कडधान्य भिजवून पाणी ओतून द्यायची, मोड आणायची, हिंगाची फोडणी द्यायची. पहिल्या दोन गोष्टींनी या शर्करा खरोखर कमी होतात. कांदा-लसणात आणि गव्हात फ्रुक्टान असतं, तेही आपल्याला पचत नाही. आमची आत्या कांदेनवमीला पोटभर भजी खायची, रात्रभर गुबारा धरायचा, आणि मग चातुर्मासभर पोट कापसासारखं हलकं. ती म्हणे व्रताचं पुण्य. मी...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं. खरा विषय आत्ता सुरू होतोय.

भराभर सांगतो. पोट फुगलेल्या बहुतेकांच्या पोटात वायू फारसा जास्त नसतोच. बार्सिलोनातल्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन काढून पाहिलं : श्वासपटल खाली दाबलं जातं, पोटाचे स्नायू सैल सुटतात, म्हणून पोट पुढे येतं. शिवाय आतडं हळवं असलं की थोडा वायूही टोचतो. मामांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.

आधी बद्धकोष्ठ बघा. इसबगोल थोड्यापासून सुरू करा, भरपूर पाण्याबरोबर. एकदम जास्त घेतलंत तर तेच फुगवतं. दूध दोन आठवडे बंद करून बघा. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने आखलेला आहार आहे, त्यात कांदा, लसूण, गहू, कडधान्यं दोन ते सहा आठवडे बाजूला ठेवून मग एकेक परत आणायचं. जन्मभर सोडायचं नाही, आणि शक्यतो आहारतज्ज्ञाला विचारूनच. मधुमेहवाल्यांनी आपली चिठ्ठी वाचा. व्होग्लिबोज असेल तर वायू त्याचा, मेटफॉर्मिननेही पोट बिघडतं. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

वजन घटतंय, शौचातून रक्त, पंडुरोग, वारंवार उलट्या, किंवा साठीनंतर नव्यानेच सुरू झालेला त्रास, यांत चूर्ण-पुडी नको, तपासणी. पन्नाशीपुढच्या भगिनींचं पोट आठवडेच्या आठवडे फुगलेलं राहिलं तर सोनोग्राफी करा, अंडाशयाचा कर्करोग असाच येतो.

हो, एक मिनिट. छातीत दाब आणि घाम आला तर पेला खाली ठेवा, ईसीजी काढा. मामा त्या रात्री दोन पुड्या प्यायले. ढेकर आला, दुखणं तसंच. मामीने पुडी हिसकावली आणि रिक्षात घातलं, म्हणून वाचले. पुढे अकरा वर्षं ढेकर देत होते.