पैसे भरण्याचं बटण

संयोजकांनी विषय दिला होता, 'ओपन सोर्स फ्रंटएंड फ्रेमवर्क आणि ऑनलाइन पेमेंटची साधनं: निवड कशी करावी'. फ्रंटएंड फ्रेमवर्क म्हणजे वेबपानाचा दिसणारा भाग बांधायचं तयार साहित्य, आणि ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला आहे ते. विषय चांगला आहे आणि मी त्याच्याकडे येणार आहे. पण खरं सांगतो, मी आलोय एका बटणाबद्दल बोलायला. ऑफिसात मी 'एकदा काय झालं' एवढं म्हणालो तरी लोक हेडफोन लावतात. तुम्ही मात्र आपल्या पायांनी इथवर आलायत.

'पैसे भरा' असं बटण असलेलं पान ज्यांनी कधी लिहिलंय त्यांनी हात वर करा. वा, बरेच आहेत. आता ते बटण दोनदा दाबलं गेलं तर काय होतं हे ज्यांना छातीठोक सांगता येईल, त्यांनी हात वरच ठेवा. हं. निम्मे खाली आले. उरलेल्यांतले काही शेजाऱ्याकडे बघून ठेवलेले दिसतायत.

तर ऐका. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या सभासदत्वाच्या नूतनीकरणाचं पान मी रिॲक्ट या फ्रेमवर्कमध्ये लिहिलं. सभासदांची कार्डं आदल्या वर्षीच गेटवेकडे, म्हणजे साइट आणि बँक यांच्यामध्ये पैशांचा व्यवहार करून देणाऱ्या कंपनीकडे, साठवलेली होती; आमच्याकडे नुसतं टोकन, म्हणजे कार्डाऐवजीचा एक सांकेतिक क्रमांक. लॉगिन करा, एक बटण दाबा, झालं. त्या पानाचा मला फार अभिमान होता. बटण दाबलं की फिकट व्हायचं, आत चक्र फिरायचं, दुसऱ्यांदा दाबता म्हणून यायचं नाही. डेमोच्या वेळी टाळ्या पडल्या होत्या. टाळ्या पडल्या की मी हल्ली लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडून बसतो, ती सवय तेव्हापासूनची.

शेवटच्या तारखेला संध्याकाळी गर्दी उसळली. आमचा सर्व्हर गेटवेला विचारतोय, गेटवे बँकेला विचारतोय, आणि उत्तर यायला बारा-तेरा सेकंद लागतायत. ब्राउझरमधून सर्व्हरशी बोलायला मी एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, घेतली होती. तिला सांगून ठेवलं होतं: दहा सेकंदांत उत्तर आलं नाही तर नाद सोड आणि पुन्हा विचार, असं आणखी तीनदा कर. ही ओळ मी सूचनांची यादी मागवायच्या पानासाठी लिहिली होती. यादी चारदा मागवली तर कोणाचं काय जातं? पण तीच सेटिंग सगळ्या साइटला लागू होती, पैशांच्या पानालासुद्धा.

आलं लक्षात? दहाव्या सेकंदाला ब्राउझरने नाद सोडला. सर्व्हरने कुठे सोडला होता! त्याने गेटवेकडे दिलेलं काम बाराव्या सेकंदाला बिनबोभाट पूर्ण झालं. तोवर दुसरी विनंती रवाना. मग तिसरी, मग चौथी. चार वेळा पैसे कापले गेले आणि स्क्रीनवर मी लिहिलेलं नम्र वाक्य: 'पैसे भरता आले नाहीत. कृपया पुन्हा प्रयत्न करा.'

एका बाईंनी कृपया पुन्हा प्रयत्न केला. (हशा)

चार आणि चार आठ. दुसऱ्या दिवशी त्यांचा ईमेल आला. आरडाओरडा नाही, काही नाही. लिहिलं होतं, 'माझं सभासदत्व पुढच्या आठ वर्षांसाठी झालं असेल तर तसं कळवावं. मी पंचाहत्तर वर्षांची आहे, त्यामुळे हिशोब आत्ताच लावलेला बरा.' हा ईमेल मी छापून टेबलासमोर लावलाय. बाकीचे लोक तिथे प्रमाणपत्र लावतात.

आता माझी दुसरी चूक सांगतो, ती पहिलीपेक्षा सरस आहे. या रोगावर औषध आहे आणि बहुतेक मोठे गेटवे ते देतात: आयडेम्पोटन्सी की. शब्द बोजड आहे, पण अर्थ सोपा. एकच काम कितीदाही सांगितलं तरी ते एकदाच व्हावं. लिफ्टचं बटण अधीर माणूस सात वेळा दाबतो, लिफ्ट एकदाच येते. एचटीटीपीमध्ये, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याच्या नियमांत, पुट आणि डिलीट या प्रकारच्या विनंत्यांकडून ही अपेक्षा मुळातच आहे, पोस्टकडून नाही. पैसे भरायची विनंती पोस्टने जाते, म्हणून तिच्याबरोबर आपण एक खूण पाठवायची. तीच खूण पुन्हा दिसली की गेटवे नव्याने पैसे कापत नाही, आधीचंच उत्तर परत देतो. स्ट्राइप हे गेटवे अशा खुणा निदान 24 तास लक्षात ठेवतं.

मी रातोरात ती खूण घातली. क्रिप्टो डॉट रँडमयूयूआयडी, खूण बनवून देणारी एक ओळ. डिप्लॉय केलं, म्हणजे चालू साइटवर चढवलं, आणि झोपलो. दोन दिवसांनी पुन्हा एकाचे दोनदा कापले गेले. का? ती ओळ मी त्या फंक्शनच्या आत लिहिली होती, जे लायब्ररी प्रत्येक प्रयत्नाला नव्याने बोलावत होती. म्हणजे दर प्रयत्नाला ताजी, करकरीत, नवीकोरी खूण! गेटवेच्या नजरेत प्रत्येक विनंती वेगळीच. ओळ बरोबर, जागा चुकली.

मग कळलं की ही खूण विनंतीची नसते, माणसाच्या इराद्याची असते. बाईंना एका वर्षाची वर्गणी भरायची आहे, हा एक इरादा. त्याला एकच खूण, ती ऑर्डरबरोबरच सर्व्हरवर जन्मायला हवी आणि डेटाबेसात नोंदायला हवी. पान रिफ्रेश झालं, फोन बदलला, तरी खूण तीच. बाईंचे सात रिफंड मी हाताने दिले. एक द्यायचा, पान रिफ्रेश करायचं, बघायचं, मग पुढचा. रिफंडसाठी स्क्रिप्ट लिहायची हिंमतच झाली नाही.

यावरून माझं एक मत झालंय, आणि ते मी आज तुमच्या गळी उतरवणार आहे. फ्रंटएंड फ्रेमवर्क आपल्याला एक वचन देतात: स्टेट, म्हणजे आत्ता काय स्थिती आहे त्याची नोंद, तू सांभाळ, स्क्रीनचं मी बघतो. स्टेट बदललं की स्क्रीन बदलणार. झकास वचन आहे, यादी, फॉर्म, गप्पांची खिडकी, सगळ्याला लागू पडतं. पैशांच्या पानावर ते लंगडं पडतं, कारण पैशांचं स्टेट मुळात तुमच्याकडे नसतंच. ते बँकेकडे असतं. ब्राउझरकडे असते ती ऐकीव माहिती. तुम्ही स्टेट ठेवायला रिॲक्टचं यूजस्टेट लिहा, व्ह्यू या फ्रेमवर्कचा रेफ लिहा नाहीतर स्वेल्टचं रून लिहा, ऐकीव माहिती कितीही सुबक ठेवली तरी ती ऐकीवच.

म्हणून 'धन्यवाद, पैसे मिळाले' या पानावर माझा मुळीच विश्वास नाही. ते पान म्हणजे नुसता एक पत्ता आहे. कोणीही हाताने टाइप करून तिथे पोचू शकतो. असा पत्ता उघडला की थेट ऑर्डर 'भरली' करणारा कोड मी पाहिलाय. कोणाचा ते सांगत नाही, माझाच असायचा. उलटही होतं. माणूस बँकेच्या पानावर ओटीपी टाकतो, पैसे जातात आणि तो टॅब बंद करून कामाला लागतो. तुमच्या पानाला खबरच नाही. 2020 मध्ये तर क्रोमने कुकीचा, म्हणजे साइटला माणूस ओळखू देणाऱ्या चिठ्ठीचा, नियम कडक केला: कुकीवर सेमसाइट हा शब्द लिहिलेला नसेल तर लॅक्स समजायचं, म्हणजे दुसऱ्या साइटवरून पोस्टने आलात तर ती पाठवायची नाही. बँकेकडून पोस्टने परत आलेल्या माणसाची कुकी त्याच्याबरोबर येईना. पैसे भरून आला आणि साइट विचारते, आपण कोण?

यावर उपाय वेबहुक. गेटवे तुमच्या सर्व्हरला थेट कळवतो, मध्ये ब्राउझर नाही. यातही एक खोच आहे आणि ती दर वेळी कोणाची तरी संध्याकाळ खाते. वेबहुकवरची सही, म्हणजे संदेश खरंच गेटवेचाच आहे याची खूण, तपासायला संदेश जसाच्या तसा लागतो, बाइट न् बाइट. तुमच्या एक्सप्रेस या सर्व्हरच्या फ्रेमवर्कमध्ये जेसन या मांडणीतला संदेश वाचणारं मिडलवेअर, म्हणजे मधला कोड, आधी लागलेलं असतं, ते संदेश उलगडून टाकतं, मग तो पुन्हा बांधून सही जुळवायला गेलात की जुळत नाही. लोक सांकेतिक किल्ली पाच वेळा बदलून बघतात. किल्ली बरोबरच असते हो! तेवढ्या एका मार्गाला कच्चा संदेश द्या. आणि वेबहुक दोनदा येऊ शकतो, उलट्या क्रमानेही येऊ शकतो, म्हणजे पुन्हा आपलं बटणच.

जाता जाता गंमत. एचटीटीपीत 404 सगळ्यांना पाठ आहे. 402 कोणाला माहीत आहे? 'पेमेंट रिक्वायर्ड', म्हणजे पैसे भरा. 1997 च्या एचटीटीपी 1.1 च्या दस्तऐवजात हा क्रमांक आहे आणि पुढे लिहिलंय, भविष्यातील वापरासाठी राखीव. 2022 च्या दस्तऐवजातही तेच लिहिलंय. वेब बांधणाऱ्यांनी पैशांसाठी खुर्ची राखून ठेवली होती, पाहुणे...

चिठ्ठी आली. सात मिनिटं उरलीत. बरं, विषयाकडे येतो, म्हणजे पळत येतो.

फ्रेमवर्क. रिॲक्ट 2013, व्ह्यू 2014, स्वेल्ट 2016, अँग्युलरची नवी आवृत्तीही 2016. चारही आज एमआयटी परवान्याखाली, म्हणजे कोड वापरायच्या छोट्या आणि मोकळ्या अटींखाली, आहेत. रिॲक्टच्या परवान्यात आधी पेटंटचं एक कलम होतं, त्यावरून 2017 मध्ये गदारोळ झाला आणि रिॲक्ट बनवणाऱ्या फेसबुकने ते काढलं. परवाना वाचा, छोटाच असतो. त्यात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की कसलीही हमी नाही. दुसरं, आयुष्य. जुन्या अँग्युलरजेएसचा आधार 2021 अखेर संपला, व्ह्यू 2 चा 2023 अखेर. पैशांचं पान मात्र चालतंय तोवर कोणी हात लावत नाही, त्यामुळे ते फ्रेमवर्कपेक्षा जास्त जगतं. तुमच्या टीमला जे येतं ते घ्या. माझं मत विचाराल तर त्या एका पानावर साधा एचटीएमएल फॉर्म ठेवा, नाहीतर गेटवेचं तयार पान वापरा. त्यात कमीपणा काही नाही.

पेमेंटची साधनं. इथे 'ओपन सोर्स' शब्द जपून घ्या. गेटवेचं रिॲक्टसाठीचं पॅकेज ओपन सोर्स असतं, पण ते बरेचदा नुसतं वेष्टण. खरी स्क्रिप्ट कंपनीच्या सर्व्हरवरून येते. स्ट्राइप तर सांगतं की आमची स्क्रिप्ट स्वतःच्या बंडलात घालू नका. कार्डाचा रकाना दिसतो तुमच्या पानात, पण असतो त्यांच्या आयफ्रेममध्ये, म्हणजे तुमच्या पानातल्या त्यांच्या स्वतंत्र चौकटीत. आकडे तुमच्या रिॲक्टला दिसतच नाहीत, आणि ते न दिसणं हेच तुमचं सुख. पूर्ण ओपन सोर्स हवं तर हायपरस्विच आहे, बिटकॉइनसाठी बीटीसीपे सर्व्हर आहे. पण मग रात्री दोनला उठणारेही तुम्हीच.

पॅकेजं कमी ठेवा असं का म्हणतो? 2018 मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या लोकप्रिय पॅकेजची देखभाल करणाऱ्या थकलेल्या माणसाने ते मदतीला आलेल्या एका अनोळखी माणसाकडे सोपवलं. त्याने आत आणखी एक पॅकेज घुसवलं, कोपे या बिटकॉइन वॉलेटमधून चोरी करणारं. त्याच वर्षी ब्रिटिश एअरवेजच्या साइटवरच्या मॉडर्नायझर या लायब्ररीच्या प्रतीत चोरांनी 22 ओळी जोडल्या आणि लोकांची कार्डं परस्पर बाहेर गेली. लायब्ररीचा दोष नव्हता, त्यांच्याकडच्या प्रतीत फेरफार झाला होता. म्हणूनच पीसीआय डीएसएसच्या, म्हणजे कार्डांच्या सुरक्षेच्या नियमांच्या, चौथ्या आवृत्तीत पैशांच्या पानावरच्या प्रत्येक स्क्रिप्टची यादी आणि ती तिथे का आहे याचं कारण मागितलंय. 31 मार्च 2025 पासून ते सक्तीचं आहे. 'मार्केटिंगवाल्यांनी लावायला सांगितलं' हे कारण लिहून बघा कसं दिसतं.

रक्कम पूर्णांकातच ठेवा, म्हणजे रुपयांऐवजी पैशांत. जावास्क्रिप्टमध्ये 4.35 गुणिले 100 म्हणजे 434.99999999999994. आणि सगळीकडे 100 नेच गुणू नका: जपानी येनला दशांश नाही, कुवेती दिनाराला तीन आहेत.

शेवटचं, खरंच शेवटचं. आज परत गेल्यावर तुमचं पान टेस्ट मोडमध्ये, म्हणजे खरे पैसे जाणार नाहीत असं, उघडा, डेव्हलपर टूलमध्ये नेटवर्क मुद्दाम हळू करा, बटण दाबा आणि चक्र फिरत असतानाच टॅब बंद करा. पुन्हा उघडा, पुन्हा दाबा. मग गेटवेच्या डॅशबोर्डवर जाऊन किती नोंदी झाल्यात ते मोजा. एकापेक्षा जास्त असतील तर मला ईमेल करा, टेबलासमोर अजून जागा आहे.

मागे हात वर आहे. विचारा.