खर्ज सरकतो तेव्हा

समूहगान म्हटलं की आपल्या शाळांना पंधरा ऑगस्ट आठवतो. एकच चाल, सगळ्यांनी मिळून, जमेल तितक्या मोठ्यानं! त्यात वाईट काही नाही. पण देशोदेशींचं समूहगायन शिकवून मुलांना त्याची तुलना करायला लावायची असेल, तर आधी ते गाऊन घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. न गायलेल्या गाण्याबद्दल मुलं नुसती 'भव्य', 'भावपूर्ण' असं लिहितात. मी त्याला मार्क देत नाही.

नाशिककरांना सुरुवात करायला लांब जायला नको. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरला निघालेल्या दिंड्या आपल्या गावातून जातात. समोरासमोर टाळकऱ्यांच्या रांगा, पखवाज, वीणेकरी. चरणाचं शेवटचं अक्षर हवेत असतानाच मागचे ध्रुपद उचलतात. चाल एकच, पण कोणी सरळ जातो, कोणी मध्येच हरकत घेतो, आणि कोणाचंच बिघडत नाही.

मग बाख या जर्मन संगीतकाराचा एखादा कोराल, म्हणजे चर्चमधलं चार आवाजांचं स्तोत्र, घ्या. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास: सर्वांत वरच्या आवाजापासून सर्वांत खालच्यापर्यंत चौघांच्या चार वाटा. इथे आपली मुलं अडखळतात, आणि लोक म्हणतात की त्यांना नोटेशन येत नाही. नोटेशन नंतर येतं हो. खरी अडचण तानपुऱ्यावर बसलेल्या कानाची आहे. बास 'सा' सोडून 'म'वर गेला की मुलांना वाटतं 'सा'च हलला, आणि 'सा' धरून उभी असलेली रांगही डगमगते. म्हणून तानपुरा लावा. अर्ध्या वर्गानं वरचा 'सा' धरायचा, उरलेल्यांनी खाली 'सा'वरून 'म'वर जायचं, परत यायचं. धरलेला सूर तोच, पण खाली 'म' आला की तो पंचमासारखा वाजतो. हे मुलांच्या कानाला पटलं की तानपुरा बंद करा.

(जाता जाता: नाशिकच्या शरणपूरला ख्रिस्ती वस्ती जुनी आहे, आणि रेव्हरंड टिळकांची मराठी ख्रिस्ती भजनं अभंगाच्या वळणाची आहेत. अभंगाची आणि चर्चची, दोन्ही वाटा एकाच गावात ऐकायला मिळतात.)

तिसरं उदाहरण जॉर्जिया या देशाचं. तिथल्या बहुस्वरी गायनाला 2001 मध्ये युनेस्कोनं मानवी वारशाचा दर्जा जाहीर केला. काखेती भागातल्या मेजवानीच्या गाण्यांत दोघं वरचे सूर गातात आणि बाकीची सगळी मंडळी खर्ज, म्हणजे खालचा एकच लांब सूर, धरतात. आपल्या मुलांना हे लगेच जवळचं वाटतं, पण तो खर्जही मधूनमधून सरकतो, आणि कोरालवर घेतलेली मेहनत इथे कामी येते.

परीक्षेला मी एकच प्रश्न घालतो: प्रत्येक गाण्यात तुम्ही श्वास कधी घेतलात? दिंडीत समोरची रांग गात असताना. कोरालमध्ये ओळ संपली की सगळ्यांनी एकदम. काखेतीच्या खर्जात मात्र आळीपाळीनं, शेजारी श्वास घेत असेल तेव्हा आपण सूर न सोडता.