माबू : गुडघ्याची दिशा

चीनच्या हनान प्रांतात, सोंगशान डोंगराच्या कुशीत शाओलिन मंदिर आहे. इ. स. 495 मध्ये स्थापन झालेल्या या मंदिराच्या सहस्रबुद्ध सभागृहात गेलात, तर आधी फरशीकडे पाहा. विटांच्या त्या जमिनीत ओळीने 48 खोलगट खड्डे आहेत. भिक्षूंनी पिढ्यान्‌पिढ्या पाय रोवून आणि आपटून केलेल्या सरावाने ते पडले, असे मंदिराची परंपरा सांगते.

पाय रोवण्याचे हे शिक्षण माबू या चिनी युद्धकलेतल्या पायाभूत पवित्र्यापासून सुरू होते. ‘मा’ म्हणजे घोडा, ‘बू’ म्हणजे पाऊल. घोड्यावर मांड ठोकलेल्या स्वाराची बैठक इथे घोड्याविना साधायची असते. उत्तरेकडील लांब पल्ल्याच्या शैलींत दोन पावलांतील अंतर स्वतःच्या पावलाच्या लांबीच्या सुमारे तिप्पट ठेवतात, चवडे समोर असतात आणि मांड्या जवळजवळ जमिनीला समांतर येतात.

नवा विद्यार्थी मात्र आपण किती खाली बसलो, एवढेच पाहतो. त्या नादात त्याचे गुडघे आत झुकतात, आणि माबूतला सर्वांत गंभीर दोष आमच्या मते हाच आहे. गुडघा हा मुख्यतः बिजागरीसारखा वाकणारा सांधा असून पीळ सोसण्याची त्याची ताकद फार थोडी असते. त्यामुळे पाऊल समोर रोवलेले आणि मांडी आत वळलेली असली, की सगळा पीळ गुडघ्यात साठतो, त्याच्या आतल्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात आणि तळपायाची कमानही खचते.

गुडघा नुसता बाहेर ढकलून हे सुधारत नाही, कारण दोषाचे मूळ वर, खुब्यात आणि जांघेत असते. ताइजी या संथ हालचालींच्या चिनी युद्धकलेचे शिक्षक म्हणूनच ‘सोंग कुआ’, म्हणजे जांघेची घडी सैल सोडा, असे सांगतात आणि पाठोपाठ ‘युआन दांग’, म्हणजे दोन मांड्यांमध्ये गोल कमान राखा, असे बजावतात. जांघ सैल पडली की मांडी खुब्यातून वळते, गुडघा चवड्याच्या रेषेत येतो, आणि नितंब मागे न काढता माकडहाड सहज खाली उतरून कणा सरळ राहतो.

दक्षिणेकडील विंग चुन या युद्धशैलीच्या मूळ पवित्र्यात चवडे मुद्दाम आत वळवलेले असतात आणि गुडघेही आत येतात. वरवर हे उलट वाटेल. पण तिथेही गुडघा चवड्याच्याच दिशेला पाहतो.

बैठकीची खोली त्यानंतरची गोष्ट आहे. यीच्वान या युद्धकला-पद्धतीचे प्रवर्तक वांग श्यांगजाय (1885–1963) यांनी तर गुडघे जेमतेम वाकवून, खांबासारखे स्थिर उभे राहण्याच्या ‘जान ज्वांग’ या सरावालाच आपल्या शिक्षणाचा पाया मानले. म्हणून ज्याचे गुडघे आत येतात, त्या विद्यार्थ्याने आधी वीतभर वर यावे, चवडा आणि गुडघा एका रेषेत आणावा, आणि ती रेषा जिथवर टिकते तिथवरच पुन्हा खाली बसावे.