सेल्फ मारण्याआधी

(दृश्य: अंधेरी सबवे, जुलै. गढूळ पाण्यात बोनेटपर्यंत बुडालेली हॅचबॅक.)

मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की मुंबईच्या सखल भागातलं पाणी लवकर ओसरत नाही. अशा पाण्यात गाडी बंद पडते आणि हात आपोआप चावीकडे जातो. तो आवरा. बंद पडलेलं इंजिन अजून शाबूत असू शकतं, ते पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या सेल्फला मोडतं.

कारण साधं आहे. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. 1.2 लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन घ्या. एका सिलिंडरला 300 मिली. कॉम्प्रेशन रेशो 10 असेल, म्हणजे पिस्टन तळाशी असतानाची जागा तो वर असतानाच्या जागेच्या दहापट असेल, तर पिस्टन पूर्ण वर आल्यावर उरणारी जागा जेमतेम 33 मिली. पाणी त्याहून जास्त शिरलं की पिस्टन वर पोचत नाही, पण क्रँक, म्हणजे पिस्टनला वर-खाली करणारा फिरता दांडा, त्याला ढकलतच राहतो. मग दोघांना जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलचा रेशो जास्त, त्यामुळे तिथं उरणारी जागा आणखी कमी.

गाडी न्यूट्रलमध्ये ढकलूनच बाहेर काढा. धक्का स्टार्ट तर नकोच. त्यानंही क्रँक फिरतो.

(दृश्य: गॅरेज. एअर फिल्टरचं झाकण उघडणारे हात.)

सुरुवात बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून, मग एअर फिल्टर. फिल्टर कोरडा आणि त्याचा डबा आतून स्वच्छ असेल, तर जीव भांड्यात पडतो. फिल्टर ओला किंवा डब्याच्या तळाशी गाळ असेल, तर थ्रॉटल बॉडीपर्यंतचा (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेपर्यंतचा) पाइप काढून आत टॉर्च मारून बघा.

पाणी तिथपर्यंत गेलं असेल, तर चारही स्पार्क प्लग काढा. त्याआधी प्लगच्या खळग्यांतलं पाणी हवेनं उडवा, नाहीतर तेच सिलिंडरमध्ये पडतं. डिझेलला ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढावे लागतात. आता क्रँक पुलीच्या बोल्टवर सॉकेट लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेनं हातानं पूर्ण दोन फेरे फिरवा. अडलं तर जोर लावू नका. मोकळं फिरलं, तर बॅटरी जोडा, फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइलचे कनेक्टर सुटे ठेवा आणि थोडा वेळ सेल्फ द्या. प्लगच्या भोकांतून पाण्याची पिचकारी उडते, म्हणून तोंड त्या भोकांवर नेऊ नका.

(दृश्य: डिपस्टिक, जवळून.)

डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखा रंग दिसला, तर पाणी ऑइलमध्ये मिसळलंय. रंग नेहमीचा असला तरी निर्धास्त होऊ नका: रात्रभर उभ्या गाडीत पाणी ऑइल संपच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, तळाशी बसतं. ऑइलची पातळी वरच्या खुणेपलीकडे गेलीय का बघा. ड्रेन बोल्ट सैल केला की आधी पाणीच येतं.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. प्लगच्या भोकात गेज लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा, सेल्फ द्या. आकडा कंपनीच्या मॅन्युअलमधला धरा, पण चार सिलिंडरांतला फरक त्याहून जास्त बोलका असतो. तीन सिलिंडर 12 बार आणि एक 9 दाखवत असेल, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगांवर संशय. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा वाकलेला रॉड. रॉड वाकला की लांबीला आखूड होतो आणि पिस्टन थोडा खालीच थांबतो. बोअरस्कोपनं (भोकातून आत जाणाऱ्या बारीक कॅमेऱ्यानं) बघितलं, तर त्या सिलिंडरच्या वरच्या कडेला कार्बनचा पट्टा इतरांपेक्षा रुंद दिसतो.

ही तपासणी टाळू नये, असं आमचं ठाम मत आहे. किंचित वाकलेल्या रॉडचं इंजिन सुरू होतं, चालतंही. काही आठवड्यांनी ठोके ऐकू येतात आणि रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडू शकतो.

(दृश्य: सुरू असलेलं इंजिन, थरथरणारं.)

गाडी सुरू झाली, पण झटके देतेय? स्कॅनर लावा, तो बिघाडाचा कोड दाखवतो. पी0302 म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर लावून बघा; कोड पी0303 झाला तर दोष कॉइलचा. पी0335 आला तर क्रँक सेन्सरचा कनेक्टर उघडा, पिनांवर हिरवट थर बसला असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरनं धुऊन वाळवा.

सगळं ठीक निघालं, तरी ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलायचेच. ऑइलमध्ये पाणी सापडलं असेल, तर नवं ऑइल भरून इंजिन 10 ते 15 मिनिटं आयडलवर ठेवा आणि तेही काढून टाका. पहिल्या भरण्यात सगळं पाणी निघत नाही.